लॉरेट सिर्वाचं पाणी

जानेवारीच्या बावीस तारखेला सकाळी साडेसहाला लॉरेट सिर्वाच्या स्वयंपाकघरातला नळ दोनदा खोकला, बोटभर पाणी थुंकला आणि गप्प बसला.

केटली हातात धरून ती तशीच उभी राहिली. बाहेर उणे तीस होतं. खिडकीच्या काचांवर आतल्या बाजूने बर्फाची नक्षी चढली होती. तिने नळ बंद केला, मनात दहापर्यंत आकडे मोजले, पुन्हा उघडला. काही नाही. न्हाणीघरात जाऊन तिथला नळ पाहिला. तोही कोरडा.

घाबरायची तिला सवय नव्हती. राग यायची होती. तो आला, आणि त्याच्यासोबत पहिली आठवण आली ती संध्याकाळी सहाच्या फोनची.

लॉरेटचं वय शहात्तर. नवरा जिल्बेर जाऊन नऊ वर्षं झाली होती. सेंट जॉन नदीच्या अमेरिकेकडच्या उतारावर, जिथून पलीकडच्या कॅनडातल्या चर्चचा कळस दिसतो, तिथल्या घरात ती एकटी राहायची. तिने बावीस वर्षं शाळेच्या स्वयंपाकघरात काढली होती. तीनशे पोरांना वाटाण्याचं सूप वाढताना कोणी नाक मुरडलं, तर त्याचं नाव ती वर्षभर लक्षात ठेवी. चर्चमध्ये तिच्या बाकावर दुसरं कोणी बसत नसे, आणि ते आदराने नव्हतं. एकुलती एक मुलगी म्युरियल पाच तास दक्षिणेला राहायची.

गेल्या शरद ऋतूत लॉरेटची घर तापवणारी तेलाची भट्टी बंद पडली. दोन दिवस ती कोट घालून घरात वावरली आणि कोणाला बोलली नाही. म्युरियलला ते टपाल टाकणाऱ्या बाईकडून कळलं. ती आली, स्वयंपाकघराच्या मधोमध उभी राहिली आणि आईकडून शब्द घेऊन गेली. पाणी, ऊब, वीज, यांतलं काहीही बंद पडलं आणि त्याच दिवशी संध्याकाळी सहापर्यंत सुरू झालं नाही, तर लॉरेट वाद न घालता गावातल्या म्हाताऱ्यांच्या इमारतीत राहायला जाईल. त्या इमारतीतल्या जिन्याला उकडलेल्या कोबीचा वास यायचा आणि खिडक्या उघडत नसत. तिथे गेलेली तिची मैत्रीण दोन महिन्यांत सगळ्यांना हो म्हणायला लागली होती.

तेव्हापासून रोज सहाला फोन. "ममाँ, पाणी? ऊब? वीज?" आणि लॉरेट म्हणायची, "आहे. आहे. आहे."

खोटं बोलून मोकळं होणं तिला जमणारं नव्हतं. कॉन्व्हेंटमध्ये असताना सिस्टरनी तिला न बोललेल्या खोट्यासाठी तासभर गुडघ्यांवर बसवलं होतं. त्या दिवसापासून ती कधी खोटं बोलली नाही. त्यात देवाची भीती थोडी होती. त्या सिस्टरला मरेपर्यंत चूक ठरवायचा हट्ट जास्त होता.

तेव्हा हातात साडेअकरा तास होते.

ती विजेरी घेऊन तळघरात उतरली. दाबाच्या टाकीवरचा काटा शून्यावर पडला होता. भिंतीवरच्या पेटीत पंपाचा खटका वरच होता, म्हणजे वीज गेलेली नव्हती. तिने तो खाली केला, पुन्हा वर केला आणि डोक्यावरच्या दिव्याकडे बघत राहिली. जिल्बेरने हे तिला शिकवलं होतं: बोअरमधली मोटर सुरू झाली की दिवा पापणी लवल्यासारखा मंद होतो. दिवा मंदावला. मोटर फिरत होती. काटा मात्र जागचा हलला नाही. पाच मिनिटं वाट पाहून तिने खटका खाली केला, कारण पाणी पुढे जात नसताना मोटर फिरत ठेवली की ती जळते, हेही जिल्बेरनेच सांगितलं होतं.

म्हणजे एक तर बोअर आटला होता, नाही तर वाटेत काहीतरी अडलं होतं.

बोअर आटला असावा, असं तिला मनापासून वाटलं. कारण तसं असतं तर दोष रेनोचा होता.

रेनो जिल्बेरचा धाकटा भाऊ. चढावर दोनशे पावलांवर त्याचं घर. बायको केलीच नाही. चाळीस वर्षं त्याने या खोऱ्यातल्या लोकांचे बोअर आणि पंप दुरुस्त केले, आणि निवृत्त झाल्यावर गेल्या सप्टेंबरमध्ये स्वतःसाठी नवा, खोल बोअर खणला. तीन दिवस त्या यंत्राची घरघर ऐकताना लॉरेट म्हणाली होती, "पी, माझं पाणी पी." कोणाला ऐकू जाईल असं नव्हे. ती त्याच्याशी बोलतच नव्हती.

नऊ वर्षांपूर्वीच्या मार्चमध्ये जिल्बेर रेनोच्या झोपडीत वारला. नदीच्या वळणावर, गोठलेल्या पाण्यावर, मासे धरायची लाकडी झोपडी होती ती. डॉक्टरांनी थंडीत बाहेर पडायचं नाही असं बजावलं होतं. अंत्यविधीची प्रार्थना आटोपून चर्चच्या पायऱ्या उतरताना लॉरेटने सगळ्यांसमोर म्हटलं, "तू मारलंस त्याला." आणि रेनोने, टोपी हातात धरून, तितक्याच मोठ्याने उत्तर दिलं, "तुझ्या घरात त्याला टेकायला जागा नव्हती, म्हणून तो माझ्याकडे यायचा." त्यानंतर दोघांत शब्द नाही.

शब्द नव्हता, पण व्यवहार होता. रेनो रोज पहाटे आपल्या बर्फगाडीवरून लॉरेटच्या परसातून नदीकडे जायचा, कारण जिल्बेरने तशी वाट दिली होती. लॉरेटने आठ हिवाळे सहन केलं. या नाताळनंतर बर्फ ढकलायला ट्रक घेऊन येणाऱ्या माणसाला तिने परस दाखवलं आणि म्हणाली, "इथला सगळा बर्फ उचल आणि त्या वाटेवर रच. भिंत कर." तो माणूस नवा होता, सांगितलं ते केलं. खांद्याइतकी उंच भिंत झाली. लॉरेटने त्या रात्री चांगली झोप काढली.

आता तिने दोन कोट चढवले, पाना घेतला आणि बोअरकडे गेली. झाकणाचे तीन बोल्ट काढायला अर्धा तास लागला. हातमोजा घालून पाना धरता येत नव्हता आणि हातमोजा काढला की लोखंड कातडीला चिकटत होतं. झाकण निघालं. तिने दोरीच्या टोकाला मोठा नट बांधून आत सोडला. पंचवीस हातांवर मऊ आवाज झाला. दोरी वर ओढली तर टोक भिजलेलं, आणि बघता बघता हातातच कडक झालं.

पाणी होतं. भरपूर होतं. लॉरेटला त्याचं वाईट वाटलं.

घरात येऊन तिने हेअर ड्रायरने तळघराच्या भिंतीत जिथून नळी आत येते तिथे अर्धा तास वारा दिला. भिंत गरम झाली, एवढंच. मग तिने शहरातल्या पंपवाल्यांना फोन लावला.

"तुमच्या आधी सव्वीस घरं आहेत, मादाम," तिथली मुलगी म्हणाली. "सोमवारी सकाळी बघू."

"सोमवारी मी इथे नसेन."

"बाहेरगावी जाताय का?"

"म्हाताऱ्यांच्या इमारतीत, बिंगो खेळायला," लॉरेट म्हणाली आणि फोन ठेवला.

साडेदहा वाजले होते. तिने सकाळपासून काही खाल्लं नव्हतं. काल रात्रीचे दोन प्लॉय, कुट्टूच्या पिठाची इकडची पिवळी धिरडी, उरले होते. ते तिने काकवीला लावून उभ्यानेच खाल्ले. मग तिला तुळई आठवली.

जिल्बेर वह्या ठेवत नसे. जे लक्षात ठेवायचं ते तो तळघरातल्या तुळईवर सुताराच्या पेन्सिलीने लिही. भट्टी कधी साफ केली, कोणत्या वर्षी नदी किती चढली, म्युरियलचा पहिला दात. तो गेल्यापासून लॉरेटने तिकडे मान वर करून पाहिलं नव्हतं. आज स्टूल ओढून तिने विजेरी धरली, आणि नळीच्या वरच्या बाजूलाच ते सापडलं: "बोअरची नळी, १९७४. पाच फूट खोल. दोरीच्या खांबापासून सफरचंदापर्यंत खडक, तिथे तीनच फूट. इथला बर्फ हलवू नये."

ती स्टुलावर उभी राहून ते तीनदा वाचत राहिली.

दरवर्षी नोव्हेंबरमध्ये जिल्बेर कपड्यांच्या दोरीच्या खांबापासून सफरचंदाच्या झाडापर्यंत लाल चिंध्या बांधलेल्या खुंट्या रोवायचा. बर्फवाल्याने तिकडे जाऊ नये म्हणून. बर्फ म्हणजे जमिनीची रजई. ती काढली की गारठा खाली उतरत जातो. हे या खोऱ्यात पोरांनाही माहीत असतं, आणि लॉरेटलाही माहीत होतं. पण कुठे रजई काढायची नाही ते खुंट्यांना माहीत होतं, आणि त्या खुंट्या तिने तो गेल्यानंतरच्या दुसऱ्या हिवाळ्यात चुलीत घातल्या होत्या. ट्रकवाल्याने भिंतीसाठी बर्फ उचलला तो नेमका तिथूनच. तीन आठवडे तिथे काळी जमीन उघडी पडली होती आणि ती रोज खिडकीतून तिच्या पलीकडची भिंत कौतुकाने पाहत होती.

आता ज्याच्याकडे हे दुरुस्त करायची हत्यारं होती तो माणूस भिंतीच्या पलीकडे राहत होता.

तिने अकरा वाजून दहा मिनिटांनी फोन केला. नंबर पाठ होता, याचाही तिला राग आला.

"कोण?"

"मी."

"मी म्हणजे कोण?"

"तुला कळलंय कोण ते."

"नऊ वर्षांत माणूस आवाज विसरतो. नाव सांग."

"लॉरेट."

"कोणती लॉरेट? आपल्या चर्चमध्ये तीन आहेत."

"जिने तुझी वाट अडवलीय ती."

"हां, मादाम सिर्वा. बोला."

"पाणी गेलंय."

पलीकडे कपात चमचा फिरत होता. तो थांबला. "काटा?"

"शून्य."

"मोटर?"

"फिरतेय. दिवा मंदावतो."

"आणि सकाळपासून फिरवत ठेवलीस."

"पाच मिनिटांत बंद केली. मी खुळी नाही."

"बोअरमध्ये पाणी?"

"पंचवीस हातांवर. दोरी आणि नट सोडून पाहिलं."

"हं." कप खाली ठेवल्याचा आवाज आला. "म्हणजे कुठे गोठलंय ते तुला माहीत आहे."

"माहीत आहे."

"सांग की मग."

"तुलाही माहीत आहे."

"माझ्या कानांना ऐकायचंय."

लॉरेटने घड्याळाकडे पाहिलं. "खांब आणि सफरचंदाच्या मध्ये," ती म्हणाली. "जिथला बर्फ मी काढला."

"येतो," रेनो म्हणाला.

तो बर्फगाडीवरून आला, मागे घसरगाडीवर सामान बांधून. भिंतीपाशी थांबला, तिला वळसा घातला आणि उघड्या जमिनीवर येऊन उभा राहिला. त्र्याहत्तर वर्षांचा, वाकलेला, भुवयांवर श्वासाचा बर्फ. त्याने टाचेने जमिनीवर मारलं. दगडावर मारल्यासारखा आवाज आला.

"नाताळनंतरच्या तीन राजांच्या सणापासून ही जमीन उघडी बघतोय मी," तो म्हणाला. "म्हटलं, फेब्रुवारीतल्या मेणबत्त्यांच्या सणाआधी गोठणार. दहा दिवस आधीच गोठवलीस."

"बघत होतास, तर सांगितलं का नाहीस?"

"तू माझ्याशी बोलत नव्हतीस."

"तू बोलू शकत होतास."

"तुझ्याशी? बोललो असतो तर तू उरलेल्या परसातलाही बर्फ काढला असतास."

हे खरं होतं. तिने खाली पाहिलं. उघड्या पट्ट्यावर, खांब आणि झाडाच्या बरोबर मधून, बर्फगाडीच्या पट्ट्याच्या खुणा उमटल्या होत्या. एक नाही, अनेक, एकावर एक, आरशासारख्या दाबलेल्या.

"ही कुठली वाट?" तिने विचारलं.

रेनोने नाक पुसलं. "तू भिंत घातलीस. मला कुठूनतरी जायचं होतं."

"रोज?"

"जाऊन येऊन."

"म्हणजे मी रजई काढली आणि तू रोज दोनदा वरून गारठा ठोकून खाली घातलास. चाळीस वर्षं पंपाचं काम केलेला माणूस. नळी कुठे आहे हे माहीत असलेला माणूस."

"जिल्बेरबरोबर ती मीच पुरली होती," रेनो म्हणाला, आणि पहिल्यांदाच त्याची नजर दुसरीकडे गेली. "घाईत असायचो."

"मासे पळून जात होते वाटतं."

"सहापर्यंत पाणी हवंय ना तुला?"

लॉरेट चमकली. "सहाचं तुला कोणी सांगितलं?"

"टपालवालीने. सगळ्या खोऱ्याला माहीत आहे. मी काम करतो. पैसे नकोत. अट एक. ती भिंत तू फोडायचीस, मी नाही. आणि तो बर्फ इथे परत अंथरायचास."

"मी शहात्तरची आहे."

"भिंत घालताना नव्हतीस?"

तो तळघरात उतरला. आधी त्याने गरम पाण्याच्या टाकीचा खटका बंद केला आणि तिच्या तळाच्या तोटीतून वाफाळतं पाणी बादल्यांत काढलं. घरात आंघोळीसाठी तापवून ठेवलेलं चाळीस गॅलन पाणी त्या टाकीत होतंच. सकाळपासून लॉरेटच्या ते ध्यानातच आलं नव्हतं. मग त्याने दाबाच्या टाकीपाशी नळी सोडवली आणि तिच्या पोटात पेन्सिलीइतकी बारीक दुसरी नळी सरकवायला लागला. हाताहाताने, सुईत दोरा ओवावा तशी. बत्तीस फुटांवर ती अडली.

"सफरचंद," तो म्हणाला.

एका लहानशा पंपाने बारीक नळीतून गरम पाणी आत जाऊ लागलं आणि थंड होऊन मोठ्या नळीतून बादलीत परत येऊ लागलं. ते पुन्हा चुलीवर तापवायचं, पुन्हा आत सोडायचं.

"उभी काय राहिलीस?" रेनो म्हणाला. "तू बघत राहिलीस म्हणून वितळणार नाही. जा, भिंत फोड."

तिने चुलीवर चार भांडी चढवली आणि बाहेर गेली. भिंत तीन आठवड्यांत सिमेंटसारखी झाली होती. पहिला अर्धा तास ती कुदळीने नुसते ओरखडे काढत राहिली. मग एक ढेकूळ सुटलं, त्यामागे दुसरं. ती ते फोडायची, रुंद फावड्यावर घ्यायची आणि ओढत पट्ट्यावर नेऊन पसरायची. तोंडावर बांधलेला स्कार्फ श्वासाने कडक झाला. दर वीस मिनिटांनी ती आत येऊन तापलेलं पाणी खाली पोचवायची, आणि दर वेळी विचारायची, "किती?"

"एक फूट."

"अजून एकच?"

"तुझ्यासारखाच आहे तो बर्फ. सरकत नाही."

तीनला त्याने वर येऊन खिडकीतून पाहिलं. पट्ट्याचा जेमतेम तिसरा हिस्सा झाकला होता. तो कोट चढवून बाहेर आला, दुसरं फावडं घेतलं आणि भिंतीच्या दुसऱ्या टोकाला भिडला.

"तू म्हणालास मी फोडायची."

"तुझ्या वेगाने जूनमध्ये फुटेल. तेव्हा आपोआपच वितळते."

साडेचारला अंधार पडला. परसातला दिवा लावून दोघं दोन टोकांनी ओढत होते, आणि मध्ये भेटल्यावर एकमेकांना वाट द्यायची कोणी हा प्रश्न दर खेपेला नव्याने येत होता. पाचच्या पुढे नळीतले नऊ फूट मोकळे झाले होते. लॉरेट तळघरातल्या शेवटच्या पायरीवर बसली. रेनो नळी पुढे रेटत होता. त्याच्या डोक्यावर ती तुळई होती.

"काय करायचा तो तिथे?" तिने विचारलं.

"कोण?"

"तुला माहीत आहे कोण. झोपडीत."

रेनोने नळीवरून नजर काढली नाही. "झोपायचा."

"झोपायचा?"

"खुर्चीत. चुलीजवळ पाय करून. मासे मी धरायचो. घरी डोळा लागला की तू उठवायचीस म्हणायचा. हे लाकूड आण, ते बिजागर बघ."

"तो घोरायचा."

"तिथेही घोरायचा. मासे पळायचे."

"म्हणजे डॉक्टरांनी मना केलेल्या थंडीत नदीवर तो डुलकी काढायला यायचा. आणि तू येऊ द्यायचास."

"हो."

"परत पाठवायचं सोडून."

"हो," रेनो म्हणाला. "येऊ द्यायचो. उद्याही देईन." त्याने नळी जोरात रेटली. "पाणी दे."

ती उठली आणि भांडं आणायला वर गेली, कारण सव्वापाच झाले होते. भांडण सहानंतर करता येण्यासारखं होतं.

पाच पंचवीसला खालून त्याने हाक मारली नाही, पण तुळईवर हातोड्याने दोनदा ठोकलं. ती उतरली तेव्हा बादलीत गढूळ पाणी जोरात येत होतं. नळीतला शेवटचा बर्फाचा तुकडा करंगळीएवढा, बादलीत गरगरत होता. त्याने बारीक नळी खेचून काढली, सगळीकडे ओलं केलं, मोठी नळी टाकीला जोडली आणि पाना आवळताना एक शिवी दिली.

"खटका," तो म्हणाला.

तिने खटका वर केला. दिवा मंदावला. दोघांनी काट्याकडे पाहिलं. तो हलला नाही, हलला नाही, मग दहावर आला. वीस. तीस. चाळीसच्या पुढे जाऊन पंप टक्‌कन थांबला आणि दिवा पुन्हा लख्ख झाला. ती वर गेली तेव्हा सहाला सात मिनिटं होती. नळ खोकला, तांबूस पाणी थुंकला, मग धार लागली. लॉरेट केटली भरत उभी राहिली. ती भरून वाहू लागली तरी तिने नळ बंद केला नाही.

फोन वाजला.

"ममाँ, पाणी?"

"आहे."

"ऊब?"

"आहे."

"वीज?"

"आहे."

तळघराच्या जिन्यावर रेनो खोकला.

"कोण आहे तिथे?"

लॉरेटने श्वास घेतला. "रेनो."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"रेनोकाका? आपल्या घरात?"

"सकाळी पाणी गोठलं होतं. सहाच्या आत आलं. अटीत बसतं."

"ममाँ, तू शहात्तर वर्षांची आहेस. या थंडीत..."

"अट तू घातलीस. शब्द न् शब्द तुझा आहे."

"काकांना दे."

लॉरेटने रिसीव्हर हाताने झाकला. रेनो टोपी घालत होता. नऊ वर्षांत त्याच्या हातात तिचं इतकं काही कधी आलं नव्हतं, आणि त्याला ते कळत होतं. तिने विनंती केली नाही. नुसता फोन पुढे केला.

"बोल, म्युरियल," तो म्हणाला, आणि ऐकत राहिला. त्याची नजर लॉरेटच्या ओल्या मोज्यांवर होती, मग नळावर. "पुन्हा गोठेल की नाही, ते नाही सांगता येणार," तो म्हणाला. पुन्हा ऐकलं. "हे बघ. तिच्याबरोबर कोणी राहू शकत नाही, एवढं मी शपथेवर सांगतो. एकटी राहू शकते." आणि फोन परत दिला.

जाताना त्याने दारात सांगितलं, "नळ मार्चपर्यंत पूर्ण बंद करायचा नाही. दोऱ्याएवढी धार ठेव. आणि मी झाडाच्या पलीकडून जाईन."

"रविवारी चर्चमधल्या मिसाच्या आधी नाही," लॉरेट म्हणाली. "मी झोपलेली असते."

"तेव्हाच जाईन," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी भिंतीच्या उरलेल्या ढिगाऱ्यावर देवदाराच्या दहा खुंट्या टाकलेल्या सापडल्या, प्रत्येकीला लाल चिंधी. निरोप काही नव्हता. लॉरेटने त्या खांबापासून झाडापर्यंत बर्फात रोवल्या, टेप लावून, सरळ रेषेत. शेवटच्या दोन तिने रेनोच्या नव्या वाटेच्या बाजूला हातभर सरकवून रोवल्या.

मग ती तळघर पुसायला उतरली. बादल्या उचलताना तिची नजर वर गेली. जिल्बेरच्या ओळीखाली, त्याच सुताराच्या पेन्सिलीने, वेडंवाकडं लिहिलेलं होतं: "२२ जानेवारी. गोठलं. लॉरेटने बर्फ हलवला."

पेन्सिल जिथे नऊ वर्षं होती तिथेच, खिळ्याला टांगलेली होती. तिने वर जाऊन चाकूने तिला टोक काढलं, स्टूल ओढलं आणि त्या ओळीखाली शाळेत सिस्टरनी घोटून घेतलेल्या गोल अक्षरात लिहिलं: "आणि रेनोने त्यावरून रोज गाडी चालवली."

वर स्वयंपाकघरात नळाची धार दोऱ्याएवढी चालू होती. ती थोडी जाड वाटली म्हणून तिने अर्ध्या आट्याने कमी केली.